पंधरा वर्षं कमरेला लटकलेलं पिस्तूल चालतं का, हे कोण तपासतं?

आरेत राहणाऱ्यांना फायरिंगचा आवाज नवा नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ८ इथलाच, आणि २६/११ नंतर उभं राहिलेलं फोर्स वनही आपल्याच शेजारी. पाहुणे दचकतात, आम्ही चहा ओतत राहतो. आरे म्हटलं की लोकांना कारशेड नाहीतर बिबट्या आठवतो, आणि त्या दोन्हींवर मी इथे भरपूर भांडलोय. आज विषय वेगळा आहे, थोडा किचकट आहे, पण वाचा.

आमच्या शेजारी एक काका राहतात. आर्मरर म्हणून निवृत्त झाले. कुठल्या दलातून ते लिहीत नाही. परवा पेपरात नवीन शस्त्रखरेदीची बातमी होती, ती मी त्यांना कौतुकाने वाचून दाखवली. ते म्हणाले, "अरे, नवं पिस्तूल चालतंच रे. पंधरा वर्षं कमरेला लटकलेलं चालतं का, ते विचार की."

मी विचारत गेलो आणि ते तासभर बोलत राहिले.

आपल्याकडच्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं दिसणारं पिस्तूल म्हणजे ९ एमएम. ईशापूरच्या कारखान्यात, ब्राउनिंग हाय पॉवरच्या धर्तीवर बनलेलं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाता जाता मॅगझिनमधली पुढची गोळी आत बसते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. यात एक स्प्रिंग थकली, मॅगझिनचं तोंड जरा वाकलं, पुंगळी ओढणारा आकडा झिजला, की पिस्तूल अडकलं. रिव्हॉल्व्हरचं बरं असतं, एक गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर दाबायचा, पुढची समोर येते. पिस्तुलात आधी मॅगझिनवर थाप मारायची, स्लाइड मागे ओढायची, अडकलेलं काढायचं. समोरचा तोवर थांबत नाही.

आणि स्प्रिंग काही फक्त गोळ्या झाडून थकत नाही. आपल्याकडचे चार महिने आठवा. आरेत जुलैमध्ये भिंतीला बुरशी, चपलेला बुरशी, कपाटातल्या पट्ट्याला बुरशी. त्या हवेत पिस्तूल घामाने भिजलेल्या कमरेवर बारा-बारा तास. घामात मीठ असतं, लोखंडाला ते काय करतं ते सांगायला नको. काकांनी अजून एक सांगितलं, जे माझ्या डोक्यातही आलं नसतं. रोज ड्युटी सुरू होताना गोळी चेंबरमध्ये चढवायची, संपताना काढायची. वरची तीच गोळी रोज आत-बाहेर. असं शेकडो वेळा झालं की तिचं टोक पुंगळीत थोडं आत दबतं, आणि मग ती झाडली तर आतला दाब वाढतो. गोळी दिसायला अगदी नवी दिसते.

आता चाचणीकडे येतो. अमेरिकन सैन्याने १९११ साली कोल्टचं पिस्तूल निवडलं, तेव्हा सहा हजार गोळ्या सलग झाडल्या होत्या. तापलं की पाण्यात बुडवायचं, परत झाडायचं. कोल्ट एकदाही अडकलं नाही, स्पर्धेतलं सॅव्हेज ३७ वेळा अडकलं. मग १९८५ साली त्यांनीच बेरेटा घेतलं, चाचण्यांचा डोंगर पार करून. काही वर्षांतच जास्त वापरलेल्या पिस्तुलांच्या स्लाइड तुटायला लागल्या, मागचा तुकडा झाडणाऱ्याच्या तोंडावर. शेवटी ठराविक गोळ्यांनंतर स्लाइड बदलायचा नियम करावा लागला आणि पिस्तुलात सुधारणा करावी लागली. म्हणजे खरेदीच्या वेळची चाचणी पास होऊनही दुखणं नंतर निघालं. ते कळलं कारण कुठलं पिस्तूल किती गोळ्या झाडून झालंय, याचा हिशेब होता.

आपल्याकडे खरेदीच्या वेळी चाचण्या होतात, नाही असं नाही. पुण्याच्या एआरडीईने बनवलेल्या कार्बाइनची उन्हाळ्यात आणि बर्फात चाचणी झाली, २०२० मध्ये शेवटचा टप्पा झाला, हे चांगलंच आहे. प्रश्न त्यानंतरच्या वीस वर्षांचा आहे.

थोडं गणित करू, घाबरू नका. एका पिस्तुलातून वर्षाच्या सरावात ३० गोळ्या झाडल्या आणि एकदाही अडकलं नाही. आपण म्हणतो, उत्तम! पण ३० गोळ्यांवरून एवढंच खात्रीने म्हणता येतं की ते बहुधा दहात एकापेक्षा जास्त वेळा अडकत नसावं. बस, एवढंच. शंभरात एकापर्यंत खात्री हवी तर सुमारे ३०० गोळ्या न अडकता सुटायला हव्यात. आणि शंभरात एक म्हणजे तरी काय? १३ गोळ्यांचं मॅगझिन संपेपर्यंत अडकायची शक्यता बारा टक्के. दर आठ मॅगझिनांमागे एक. कुणाचा नवरा, कुणाची बहीण त्या आठव्या मॅगझिनवर उभी असेल.

अडकल्यावर काय होतं ते देशाने पाहिलंय. ऑक्टोबर २०१८, उत्तर प्रदेशात संभलला चकमकीत पोलिसाचं शस्त्र चाललं नाही आणि तो तोंडाने 'ठांय ठांय' ओरडला. आपण सगळ्यांनी ते व्हिडिओ हसत हसत फॉरवर्ड केले, मीही. आज लाज वाटते. तो माणूस पळाला नव्हता, जागेवर उभा होता. पुढच्याच वर्षी बिहारमध्ये जगन्नाथ मिश्रांच्या अंत्यसंस्काराला मुख्यमंत्र्यांसमोर सलामीच्या बंदुकांपैकी एकही वाजली नाही. तिथे फक्त अब्रू गेली.

आणि आपण काय वेगळे? २६/११ नंतर राम प्रधान समितीने दारूगोळ्याचा तुटवडा आणि सरावाची दैना कागदावर मांडली होती. तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन गेले, त्यांचा पुतळा आपण उभारला. सरावाचं काय झालं, ते पुतळ्याला हार घालताना कुणी विचारत नाही.

लोक म्हणतील, चाचणीला गोळ्या आणायच्या कुठून? खडकी आणि वरणगावचे दारूगोळा कारखाने आपल्याच राज्यात आहेत हा मुद्दा बाजूला ठेवू. मी जास्तीची एकही गोळी मागत नाहीये. सरावात गोळ्या झाडल्या जातातच ना? तीच चाचणी. फक्त लिहून ठेवा. पिस्तुलाचा नंबर, मॅगझिनचा नंबर, किती झाडल्या, किती वेळा अडकलं, कसं अडकलं. ५० पिस्तुलांच्या शंभर-शंभर गोळ्या म्हणजे पाच हजारांचा आकडा घरबसल्या तयार. काका म्हणतात, सरावात अडकलं की शिपाई स्लाइड ओढतो, पुढची झाडतो आणि गप्प बसतो, कारण बोललं तर "तूच नीट साफ केलं नाहीस" म्हणून त्यालाच ओरडा. त्यामुळे वहीत नोंद शून्य. मला सगळ्यात जास्त हेच खुपलं. स्प्रिंग स्वस्त मिळते, भीती कशी बदलणार?

सुरक्षेचं कारण पुढे येईल, माहितीये. कुठल्या ठाण्यात किती पिस्तुलं आहेत ते नकाच सांगू. एकूण राज्याचा आकडा सांगा.

आपल्या भागातले आमदार माझ्या पोस्ट वाचतात असं त्यांचे कार्यकर्ते सांगतात. तर साहेब, हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाताय, तेव्हा एक प्रश्न टाका: पोलिसांच्या वापरातल्या पिस्तुलांपैकी दहा वर्षांहून जुनी किती, त्यातल्या किती पिस्तुलांच्या झाडलेल्या गोळ्यांची नोंद आहे, आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा शेवटच्या कधी बदलल्या? उत्तर आलं की मी इथे जसंच्या तसं टाकेन. काकांना वाचून दाखवायचंय.