कोळसा कागदावरचा, मिल प्रत्यक्षातली

औष्णिक वीज केंद्रातील निर्मिती घटली की दोष कोळशाला दिला जातो. कोळसा कमी आला, ओला आला, दगड-मातीसह आला, ही स्पष्टीकरणे विदर्भात दर पावसाळ्यात ऐकू येतात. ती खोटी नसतात. मात्र, अपुरी असतात. असा कोळसा दळण्याची ताकद केंद्रातील यंत्रणेत आहे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. कोराडी येथे ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचे काम २०२५ मध्ये 'भेल'कडे सोपविण्यात आल्याने हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिलेला नाही.

खाणीतून आलेला कोळसा प्रथम क्रशरमध्ये फोडून साधारणतः २० मिलिमीटरपर्यंत बारीक केला जातो. खरी कसोटी त्यापुढे, मिलमध्ये लागते. बॉयलरमध्ये फुंकण्यासाठी कोळशाचे अक्षरशः पीठ करावे लागते. त्यातील सुमारे ७० टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जावा, असा संकेत आहे. दळण जाडेभरडे राहिले, तर न जळलेला कोळसा राखेबरोबर वाया जातो.

हे दळण करणाऱ्या मिल प्रामुख्याने दोन प्रकारच्या. बाउल मिलमध्ये फिरत्या वाडग्यावर रोलर कोळसा चिरडतात. तिला वीज कमी लागते आणि न दळलेले जड दगड ती बाहेर टाकते. पण रोलर झिजले की मिल बंद ठेवूनच दुरुस्ती करावी लागते. बॉल मिल म्हणजे पोलादी गोळ्यांनी भरलेले, आडवे फिरणारे पिंप. दगडगोटे ती सहज पचवते आणि गोळे झिजले, तर चालू मिलमध्येही नवे टाकता येतात. मात्र, कोळसा निम्मा घातला तरी तिचा वीजवापर फारसा उतरत नाही. दिवसा सौरऊर्जा मुबलक असल्याने औष्णिक संचांचा भार कमी करण्याची वेळ आता वारंवार येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी तर हा भार टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरविण्याची तयारी ठेवण्यास सांगितले आहे. या स्थितीत बॉल मिलचा हा दोष पूर्वीपेक्षा अधिक महाग ठरेल, हे उघड आहे.

म्हणून बाउल मिल घ्यावी, इतके हे सोपे नाही. कोळसा किती सहज दळला जातो, हे हार्डग्रोव्ह निर्देशांकावरून कळते. तो यंत्राला किती झिजवील, हे त्यावरून कळत नाही. झीज होते ती मुख्यतः कोळशातील गारगोटीच्या कणांमुळे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अनेकदा ३५ ते ४५ टक्के असते आणि ती कोळशात इतकी मिसळलेली असते, की धुऊनही पूर्णपणे निघत नाही. त्यातच, दूरच्या केंद्रांना ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा देण्यावरील बंधन केंद्र सरकारने मे २०२० मध्ये उठविले. दगड वेगळे काढण्याचा भार अशा रीतीने वीज केंद्रांतील मिलवर येऊन पडतो.

पावसाळ्याची अडचण निराळीच. मिलमध्ये गरम हवा सोडून कोळसा वाळविला जातो. तो फारच ओला असेल तर मिलची क्षमता घटते. हवा हवी तितकी तापविता येत नाही, कारण भुकटी पेट घेण्याचा धोका असतो. एक-दोन मिल राखीव असतात खऱ्या, पण एक दुरुस्तीत असताना दुसरी तुंबली की संचाचा भार उतरवावा लागतो, ज्वाला टिकविण्यासाठी महागडे तेल जाळावे लागते. वाढीव खर्चाचा भार आज ना उद्या ग्राहकांवरच येतो.

तेव्हा मिलची निवड करताना करारातील सरासरी कोळसा नव्हे, तर वेकोलिच्या खाणींतून जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष येणारा कोळसा नमुना म्हणून धरला पाहिजे. त्या कोळशावर, रोलर झिजत आलेले असताना मिल ताशी किती टन दळेल, रोलर किती तास टिकतील आणि निम्म्या भारावर टनामागे किती वीज लागेल, या तीन आकड्यांची हमी निविदेतच मागता येते. संच उभा राहिल्यानंतर ती मागून उपयोग नसतो. पायाभरणीनंतर मिल बदलता येत नाही.