अंगणांतील शोभेचें झाड

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत नवें घर बांधलें कीं अंगणांत गुलमोहर लावण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. मूळ मादागास्करचें हें झाड लवकर वाढतें, शोभतेंही. परंतु मुळें उथळ व लांकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यांत आमच्याच गुलमोहराची फांदी गोठ्यावर पडून वासरूं दगावलें. ताम्हण राज्यपुष्प खरें, पण तें ओलीचें झाड. शेवटीं आम्हीं बहावा लावला. हा आपल्याच रानांतला. ऊन सोसतो, वैशाखांत पिवळ्या घोसांनीं लवतो. मात्र वाढतो सावकाश, आणि ऐन उन्हाळ्यांत पानें झडत असल्यानें दाट सावलीची आशा करूं नये. बियांचें कवच कठीण; तें दगडावर किंचित् घासून रात्रभर भिजवावें. रोप भिंतीपासून १० हात दूर लावावें.