आंघोळीच्या पाण्याचे अर्थकारण

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा हे गाव दर वर्षी 1 जानेवारीला वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. नदीच्या पलीकडे, पेरणे हद्दीतील जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी त्या दिवशी लाखो लोक येतात. ते परतले की गाव पुन्हा आपल्या नित्याच्या व्यवहाराला लागते. हा नित्याचा व्यवहार मात्र गेल्या तीन दशकांत पार पालटला आहे. सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव येथील कारखान्यांनी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून माणसे ओढून आणली, आणि जेथे बाजरी व ज्वारी डोलत होती तेथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पौष-माघातल्या थंडीत पहिल्या पाळीला निघणारा कामगार पहाटे पाचला उठतो, प्लास्टिकच्या बादलीत पाण्याचा रॉड सोडतो आणि पाणी तापेपर्यंत डबा भरतो. एका खोलीतले हे दृश्य त्याच वेळी शेजारच्या खोल्यांतूनही घडत असते. रोहित्रावर एकाएकी भार येतो, दिवे मंदावतात.

घरगुती वापरासाठी पाणी तापविण्याचे नवे यंत्र, ज्याला हीट पंप म्हणतात, त्याची जाहिरात अलीकडे वाढत्या प्रमाणात दिसू लागली आहे. नेहमीच्या गीझरच्या एकतृतीयांश विजेत तेवढेच पाणी तापते असा तिचा दावा असतो. दावा खोटा नाही. परंतु यंत्र चांगले असणे आणि ते विकत घेणे शहाणपणाचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर कोरेगाव भीमासारख्या गावात जितके स्पष्ट दिसते तितके ते पुण्याच्या बंगल्यांतून दिसत नाही.

प्रथम यंत्राविषयी. विहिरीवरची मोटर पाणी निर्माण करीत नाही; खालचे पाणी वर उपसते, आणि विजेचा खर्च होतो तो उपशासाठी. हीट पंप उष्णतेच्या बाबतीत हेच करतो. बाहेरच्या हवेत जी उष्णता आहे ती एका वायूच्या साहाय्याने शोषून घ्यायची, तो वायू दाबून अधिक तापवायचा आणि त्याची उष्णता टाकीतल्या पाण्याला द्यायची. घरातला फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीवाटे बाहेर टाकतो. त्याचेच हे उलटे रूप होय. या युक्तीचा विचार लॉर्ड केल्विन यांनी 1852 मध्येच मांडला होता. एक युनिट वीज खर्च करून तीन किंवा त्याहून अधिक युनिटांइतकी उष्णता पाण्यात येते, ती याच कारणाने. साधा गीझर एका युनिटाची एका युनिटाइतकीच उष्णता देतो, त्याहून अधिक देणे त्याच्या स्वभावातच नाही. गीझरवर जे तारांकन असते त्याविषयी सुशिक्षितांतही एक गैरसमज आढळतो. पाच तारे म्हणजे कमी विजेत पाणी तापते असा त्याचा अर्थ नव्हे. तापलेले पाणी टाकीत उभे असताना किती उष्णता वाया जाते, याचे ते माप आहे.

आता हिशेब. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यावयाची तर जवळपास अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांच्या कुटुंबात चार बादल्या धरल्या तर दोन युनिट झाले. हीट पंप हेच काम, टाकीतील घट धरून, पाऊण युनिटात करील. म्हणजे दिवसाची बचत सव्वा युनिट. वर्षातले तीनशे दिवस गरम पाणी लागते असे मानले, आणि हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला 10 रुपये धरले, तर वर्षाकाठी 3,750 रुपये वाचतात. घरगुती हीट पंपाची किंमत लाखाच्या आसपास धरली तर भांडवल वसूल व्हायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. इतकी वर्षे कॉम्प्रेसर टिकत नाही. लाख रुपयांवर बँकेत मिळणारे व्याजही या बचतीहून अधिक भरेल. चार बादल्यांच्या कुटुंबाने केवळ काटकसरीच्या विचाराने हे यंत्र घेऊ नये, असेच गणित सांगते. मग विक्रेता काहीही सांगो.

गॅस गीझरचा हिशेब आणखी वेगळा. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे तीनशे बादल्या पाणी तापते. सिलिंडरच्या चालू दराला तीनशेने भागले की एका बादलीचा भाव निघतो, आणि तो बहुधा विजेच्या बादलीपेक्षा कमी भरतो. म्हणूनच तो लोकप्रिय आहे. पण कोंदट न्हाणीघरात लावलेल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावल्याच्या बातम्या थंडीच्या दिवसांत अधूनमधून वाचाव्या लागतात. या वायूला रंग नाही, वास नाही. भाव काढताना ही जोखीम जमेस धरण्याची पद्धत नाही, इतकेच.

ज्याच्या घरावर स्वतःची मोकळी गच्ची आहे त्याला सौर बंब हाच अद्याप सर्वांत सरळ मार्ग आहे. शिरूर तालुक्यात उन्हाला तोटा नाही, आणि कुटुंबापुरता सौर बंब हीट पंपाच्या किमतीच्या एका अंशात बसतो. पूर्वी वाड्याच्या परसात तांब्याचा बंब असे, त्यात तुराट्या, काटक्या, गोवऱ्या जळत. पुण्याच्या तांबट आळीत घडलेले ते बंब पिढ्यान्पिढ्या टिकले. शेतकऱ्याच्या घरी इंधन शेतातले असल्याने त्या पाण्याला किंमत पडत नसे, निदान तसे वाटे. डोळ्यांत जाणाऱ्या धुराचा आणि सरपण गोळा करणाऱ्या बाईच्या वेळेचा हिशेब कोणी मांडला नाही. सौर बंबाने धूर घालविला. त्याची उणीव पावसाळ्यात दिसते. उलट हीट पंपाला ढगांची अडचण नाही. हवेतील दमटपणा त्याला साहाय्यकच ठरतो, कारण बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णताही तो पकडतो. कूपनलिकेच्या जड पाण्याचा त्रास मात्र दोघांनाही आहे. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच सौर नळ्यांत आणि पाण्यात बुडविलेल्या नळीवर बसतो. ज्या हीट पंपात वायूची नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असते तो अशा पाण्यासाठी अधिक बरा.

मग हीट पंप कोणासाठी? येथे हिशेबाचे एकक बदलावे लागते. वर वर्णिलेल्या खोल्यांची एक इमारत घ्यावी: चोवीस खोल्या, साठ माणसे, साठ बादल्या. रॉडने हे पाणी तापवायला दिवसाला 28 युनिट लागतात. सामायिक हीट पंप आणि वेष्टन असलेली टाकी हेच काम दहा-अकरा युनिटांत करील. रोजची बचत सतरा युनिट, वर्षाची पाच हजारांवर. म्हणजे 10 रुपये दराने पन्नास हजारांहून अधिक. संयंत्र, टाकी आणि नळ मिळून तीन-चार लाख खर्च गृहीत धरला तरी सहा ते आठ वर्षांत तो भरून येतो. जे यंत्र एका कुटुंबाला परवडत नाही ते साठ माणसांना परवडते, आणि ते एकट्याने घेण्याइतके धनिक या साठांत कोणीही नाही.

भाराचे गणित तर याहून बोलके आहे. दीड किलोवॅटचे चोवीस रॉड एकाच वेळी लागले तर 36 किलोवॅट भार होतो. हीट पंपाला तीन किलोवॅट पुरतात, कारण तो पहाटेची वाट पाहत बसत नाही. जानेवारीतही या भागात दुपारची हवा तिशीच्या जवळ जाते, पहाटे मात्र ती दहा-बारा अंशांवर उतरते. हवा जितकी उबदार तितका पंपाचा गुणांक अधिक. दुपारी साडेतीन तास चालवून टाकी भरून ठेवावी आणि पहाटे ते पाणी वापरावे, हेच शहाणपणाचे. दुपारी सौर विजेची उपलब्धताही अधिक असते. जपानमध्ये 2001 पासून अशी यंत्रे घरोघर गेली ती रात्रीची वीज तेथे स्वस्त असल्याने रात्री चालविली जात. त्यांचे वेळापत्रक येथे जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही.

इतके असूनही या खोल्यांवर असे संयंत्र सहसा दिसत नाही. त्याचे कारण तंत्रज्ञानात नाही, मालकी आणि बिल यांच्या फारकतीत आहे. इमारत मालकाची, बिल भाडेकरूचे. मालकाने तीन लाख घातले तर बचत भाडेकरूच्या खिशात जाणार. भाडेकरूने घालावेत तर त्याचा करार अकरा महिन्यांचा, आणि नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर. तो काही शे रुपयांचा रॉड घेतो आणि खोली सोडताना पिशवीत टाकून नेतो. त्याचा हा निर्णय अडाणीपणाचा नाही; त्याच्या परिस्थितीत तोच तर्कशुद्ध आहे. ग्राहकाला ऊर्जाबचतीचे धडे देणाऱ्या भित्तिपत्रकांतून ही गोष्ट निसटते.

यात वीजदराच्या रचनेची भर पडते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिले शंभर युनिट स्वस्त, त्यापुढचे महाग. कमी वापरणाऱ्या गरिबाला सवलत मिळावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु टप्पा मोजला जातो तो मीटरवर, कुटुंबावर नव्हे. जेथे पाच-सहा खोल्यांना मिळून एकच जोडणी असते आणि मालक आतल्या उपमीटरवरून पैसे वसूल करतो, तेथे सर्वांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो. एका दिव्यावर, एका पंख्यावर आणि एका बादलीवर भागविणारा माणूस वातानुकूलित घरात राहणाऱ्याचा दर भरतो. पाण्यासाठी जाणारा त्याचा अर्धा युनिट म्हणूनच वाटतो तितका स्वस्त नसतो. आणि रॉड चालू असताना ओल्या जमिनीवर उभे राहून पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय कोणत्याच बिलात येत नाही.

ही कोंडी फुटण्यास फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. मालकाने गरम पाणी हीच वस्तू विकावी. प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा एक सामायिक नळ, आणि भाड्यात खोलीमागे ठरावीक रक्कम. साठ बादल्यांना दहा-अकरा युनिट, म्हणजे एका बादलीला वीज लागते दोन रुपयांच्या आत. मालकाने बादलीमागे साडेतीन रुपये धरून भाडे आकारले तरी भाडेकरूचे पाच रुपयांऐवजी तेवढ्यातच भागते, आणि मालकाच्या भांडवलावर परतावा सुटतो. चाळीच्या सामायिक नळाची महाराष्ट्राला सवय आहे. त्यावरून होणाऱ्या भांडणांचीही आहे, हे मान्य केले पाहिजे. ती भांडणे नळावर मापक बसवून मिटतात, निदान कमी होतात.

शासनाला यात करण्यासारखे पुष्कळ आहे. 2015 च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिव्यांची सरकारी खरेदी एकगठ्ठा झाली, आणि खरेदीचा भाव सुमारे 310 रुपयांवरून दोन-तीन वर्षांत 38 रुपयांपर्यंत उतरला. हीट पंप दिव्याइतका स्वस्त होणार नाही, हे उघड आहे; त्यात तांबे आहे, कॉम्प्रेसर आहे. परंतु वसतिगृहे, ग्रामीण रुग्णालये, आश्रमशाळा यांची मागणी एकत्र केली तर आजचा भाव टिकणार नाही. पुणे महानगरपालिका सौर जलतापन बसविणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते. खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्या मालकांसाठी तशीच सवलत ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत देता येईल का, याचा विचार जिल्हा परिषदेने करावा. 2024 च्या फेब्रुवारीत आरंभ झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरील सौर विजेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते घरगुती ग्राहकासाठी आहे, आणि खोल्यांचा मालक अनेकदा त्याच आवारात राहतो. त्याच्या छतावरची दुपारची वीज आणि दुपारी चालणारा पंप यांची सांगड घातली तर पाणी जवळजवळ फुकट तापेल.

खरेदी करणाऱ्याने दोन-तीन गोष्टी मात्र कागदावर लिहून घ्याव्यात. जाहिरातीतला गुणांक कोणत्या हवेच्या तापमानाला मोजला आहे, हे विचारावे. वीस अंशांना तीन सांगणारा विक्रेता, तापमान न सांगता साडेचार सांगणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह. आत कोणता वायू आहे हेही पाहावे, कारण आर-134ए सारखा वायू गळला तर हवामानाला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट घातक ठरतो. प्रोपेनवर किंवा खुद्द कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रे त्या दृष्टीने निर्धोक होत. दुरुस्तीस येणारा माणूस कोठून येणार, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विजेचा दाब खालीवर होणाऱ्या गावात कॉम्प्रेसर जळणे नवलाचे नाही, आणि थंडीत आठवडाभर बंद पडलेले संयंत्र साठही जणांना पुन्हा रॉडकडे वळवील.

कोरेगाव भीमाच्या आसपास आजही नव्या खोल्यांचे स्लॅब पडत आहेत. गरम पाण्याची वेष्टन असलेली नळी भिंत बांधताना घातली तर तिचा खर्च किरकोळ असतो. गिलावा झाल्यावर तीच नळी घालायची म्हणजे भिंती फोडणे आले, आणि त्या खर्चापुढे कोणताही मालक माघार घेतो.