पन्नास टक्के सूट : बिल कोण भरतंय?

महिन्याभरात गावातल्या तीन व्यावसायिकांनी मला एकच प्रश्न विचारला. "ॲपवाले येऊन गेले. पन्नास टक्क्यांचं व्हाउचर लावा म्हणतात. लावू का?" प्रत्येकाला टपरीवर वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथंच लिहितो.

आधी गिऱ्हाइकाचं बघू, कारण त्यात आपण सगळेच आलो. घासाघीस करून दहा रुपये कमी करून घेतले की जो आनंद होतो, तोच कूपन देतं, आणि तोही हुज्जत न घालता. नव्या पोरांना भाव करायची लाज वाटते, पण कोड टाकून पैसे वाचवले हे ती मिरवून सांगतात. त्यात "आज रात्री बारापर्यंतच" ही घाई, आणि "किमान 199 ची ऑर्डर" ही मेख. 120 रुपयांचं खायचं ठरवलेला माणूस 60 ची सूट मिळवायला 199 पर्यंत जातो, 139 भरतो आणि वर 60 वाचले म्हणून खूश होतो!

सप्टेंबर 2013 आठवतोय का? कांदा किलोला सत्तर-ऐंशीवर गेला होता. तेव्हा ग्रुपऑन या कंपनीने ऑनलाइन 9 रुपये किलोने कांदा काढला. 3,000 किलो कांदा 44 मिनिटांत संपला, वेबसाइट कोलमडली. माझ्या मते कंपनीला कांद्याच्या धंद्यात रस नव्हताच. तिला गिऱ्हाइकांची यादी आणि फुकटची प्रसिद्धी हवी होती, ती मिळाली. आम्ही पत्रकारांनीही बातम्या छापल्याच की.

आता दुकानदार. पेपरात पत्रकं टाकायची, रिक्षावर भोंगा लावायचा तर पैसे आधी मोजावे लागतात. माणूस येईल की नाही, देव जाणे. व्हाउचरमध्ये आधी दमडी द्यावी लागत नाही. गिऱ्हाईक आलं तरच पैसे कापले जातात. लहान धंदेवाल्याला हे आवडणारच, त्यात त्याचा काही दोष नाही. नवीन दुकानाला पहिल्या महिन्यात माणसं दिसणं फार गरजेचं असतं, रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही.

पण हिशोब मांडून बघा. हीच ग्रुपऑन 2008 मध्ये अमेरिकेत शिकागोला सुरू झाली, तेव्हाचा तिचा साधारण नियम असा : वस्तू निम्म्या किमतीत विकायची आणि आलेल्या पैशातले जवळपास निम्मे कंपनीचे. म्हणजे 400 ची थाळी 200 ला गेली, त्यातले 100 कंपनीला, 100 तुम्हाला. समजा थाळीला किराणा, भाजी, गॅस मिळून 180 लागतात. मग प्रत्येक थाळीमागे 80 रुपये पदरचे गेले, आणि गर्दी जितकी जास्त तितका खड्डा मोठा. इंग्लंडमध्ये रेडिंगच्या एका बेकरीवालीने 2011 मध्ये कपकेकवर 75 टक्के सूट लावली. 8,500 लोकांनी डझनाडझनाने घेतले. 1,02,000 कपकेक करायला जादा माणसं लावावी लागली आणि वर्षाचा नफा त्यातच गेला. तिने एकच गोष्ट केली नव्हती, किती विकायचे याची मर्यादा घातली नव्हती.

याउलट पार्लरवाल्या ताईंचं बघा. दुपारी दोन ते पाच खुर्ची रिकामी, पण भाडं आणि मुलींचा पगार चालूच. तिथं शंभर रुपये आले तरी ते बरेचसे हातात राहतात. जिम, बॅडमिंटन कोर्ट, लॉज यांचंही तेच. रिकामी वेळ विकणाऱ्याला कूपन परवडतं, ताटात माल वाढणाऱ्याला जपूनच.

मोठ्या शहरातले हॉटेलवालेही यात पोळलेत. झोमॅटो गोल्डमध्ये सभासदाची फी कंपनीकडे जायची आणि एकावर एक फुकट पदार्थ हॉटेलच्या खर्चाने. ऑगस्ट 2019 मध्ये शेकडो हॉटेलं त्यातून बाहेर पडली. सवलती आणि कमिशनच्या तक्रारींवर स्पर्धा आयोगाने एप्रिल 2022 मध्ये झोमॅटो आणि स्विगीची चौकशी लावली.

आणखी एक नुकसान लगेच दिसत नाही. तुमचं रोजचं, पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईकही उद्या कूपन घेऊन येतं. दहा वर्षं जे काउंटरवर "शेठ, नेहमीचं द्या" म्हणायचे, ते मोबाइल पुढे करतात. मग तुम्ही नवीन माणूस मिळवला की जुना सवलतीत विकला?

म्हणून माझं उत्तर असं. लावा, पण मंगळवार-बुधवार दुपारपुरतं, दिवसाला वीस-पंचवीस, आणि फक्त पहिल्यांदा येणाऱ्याला. आलेल्या माणसाचा नंबर विचारून, तो हो म्हणाला तर स्वतःच्या वहीत लिहा. ॲपकडे असलेली यादी तुमची नसते. दहा चहावर अकरावा फुकट, असं स्वतःचं कार्ड छापायला प्रेसवाला फार पैसे घेत नाही, आणि त्यात कोणाचं कमिशनही नाही.

ॲपवाल्या पोराला दोन गोष्टी लेखी विचारा. सूट कोणाच्या खिशातून जाणार? आणि कमिशन मूळ किमतीवर की सवलतीच्या? त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही धरा. पोरगा बिचारा टार्गेटवर असतो, त्याच्यावर चिडू नका. करारातला तो परिच्छेद कळत नसेल तर सही करायच्या आधी मला फोटो पाठवा, सीएला दाखवून घेऊ.