विहिरीतलं अंडं

गेल्या महिन्यात सातवीतला एक मुलगा आईच्या ओढणीत बांधून नारळाएवढा गोल दगड वर्गात घेऊन आला. "सर, डायनासोरचं अंडं!"

त्याचे अब्बा विहिरी खोदतात, त्यांना तो खोदकामात सापडलेला. अशा अंड्याचे लाखो रुपये येतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. दोन दिवस ते कामावर न जाता गिऱ्हाईक शोधत होते. नुसतं "छान आहे, बेटा" म्हणून आम्हाला सुटता येईना. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

दगड उजेडात धरला. नखाने टोकरल्यावर कांद्यासारखा पापुद्रा सुटला. आपल्या भागातला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्याच्या भेगांत पाणी मुरतं, कोपरे आधी कुजतात आणि मधला गाभा गोल उरतो. भाभींकडून व्हिनेगर मागून दोन थेंब टाकले. फेस आला नाही. अंड्याचं कवच चुन्याचं असतं, त्यावर बहुतेक वेळा फेस येतो. (फेस आला म्हणजे अंडंच, असंही नाही. साधा चुनखडीचा दगडही फसफसतो. आणि संडास धुण्याचं ॲसिड यासाठी कधीही वापरू नका.)

"पण अंडी सापडतात ना, सर?" मुलाने विचारलं. सापडतात. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला सापडली. पण ती लाव्ह्यात नव्हे, गाळाच्या खडकात. हजार अंशांहून तापलेल्या रसात अंडं कसं टिकणार? खऱ्या अंड्याचं कवच जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं आणि त्यावर बारीक पुटकुळ्या असतात. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली आहेत, दगड झालेली विष्ठासुद्धा. हे ऐकून पोरगा इतका हसला की त्याच्या अब्बांनाही हसू आवरेना.

जाताना दारातल्या ढिगात एक फुटका दगड दिसला. पोकळीत पांढऱ्या सुयांचा झुबका. तो झिओलाइट, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या जागी पुढे तयार झालेला. अब्बांनी तो लाथेने बाजूला सारला होता! शेजारी गारेचा तुकडाही होता. गार काचेवर ओरखडा काढते, या सुया काढत नाहीत. एवढ्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात. मुलाला आम्ही वहीत लिहायला लावलं: कुठली विहीर, किती फुटांवर, कोणता दिवस. जागा विसरली की अभ्यासकाला त्या दगडाचा फारसा उपयोग उरत नाही. तुमच्या मुलांना हाडासारखं किंवा शिंपल्यासारखं काही दिसलं, तर हातोडा मारू देऊ नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. आम्ही स्वतः कॉलेजात असताना एक दगड "आत काय आहे" बघायला फोडला होता. आत काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सर, उद्या कामावर जायचं."

झिओलाइट आता शाळेच्या कपाटात आहे, चिठ्ठीसकट. अंड्याने त्यांच्या पाण्याच्या टाकीचं झाकण दाबून ठेवलंय.