रिंग टाकण्याआधी माप घ्या : जुन्या एटीव्हीचं इंजिन आणि माझ्या दुकानाची चूक



गेल्या आठवड्यातल्या व्हिडिओत आमच्या पडवीत उघडून ठेवलेली जुनी एटीव्ही तुम्ही बघितलीत. किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणतात ना, ती चार जाड चाकांची ११० सीसीची गाडी. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला : इंजिनचं काम घरी केलं तर परवडतं का?

माझं स्पष्ट मत आहे. परवडतं, पण आधी माप घेतलं तरच. माप न घेता घरी केलेलं इंजिनचं काम गॅरेजपेक्षाही महाग पडतं. हे मत मला फुकटात मिळालेलं नाही.

ही गाडी मी विकत घेतलेली नाही. ती उधारीत आली. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि किनाऱ्यावर राइडचा धंदा करणारा एक मुलगा माझं नेहमीचं गिऱ्हाईक. गाडी सारखी बंद पडायची, सीझन हातचा गेला, उधारी वाढत गेली. शेवटी एके दिवशी गाडी टेम्पोत घालून घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, पैसे काही जमत नाहीत. ही ठेवून घ्या."

मी ठेवून घेतली. म्हटलं, आपल्याला पार्ट खरेदीच्या भावात पडतात, घरी इंजिन करू आणि वाडीतले नारळ आणायला वापरू. निळा धूर, ओढ नाही, ऑइल कमी होतंय. लक्षणं तर पाठच होती. हेड काढलं, ब्लॉक काढला, नव्या रिंगा टाकल्या, बसवलं. गाडी पहिल्या किकला सुरू! घरात मीच हिरो.

तीन आठवड्यांत धूर परत आला.

दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा मात्र ब्लॉक घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने बोअर गेज लावला. मूळ बोअर ५२.४ मिलिमीटरचा. खाली जवळपास तेवढाच, वर ५२.५२. म्हणजे वरच्या बाजूला ०.१२ मिलिमीटर झीज. आकडा छोटा वाटतो? बोअर ०.१ मिलिमीटरने वाढला की रिंगच्या तोंडातली फट साधारण ०.३१ मिलिमीटरने वाढते, कारण परीघ वाढतो. शाळेतलं ३.१४ आठवा. अशा बोअरमध्ये कितीही नवी रिंग टाका, ती वर सैल आणि खाली घट्टच बसणार.

मग प्रश्न पडला की बोअर एवढा झिजला कशाने? एअर फिल्टर उघडला. फोम एका कडेने फाटलेला, आणि कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत आतून बारीक वाळूचा थर. किनाऱ्यावर गाडी प्रत्येक फेरीला वाळू ओढत होती आणि ती वाळू पॉलिश पेपरसारखी बोअर घासत होती.

त्या रात्री दुकानाची वही काढली. त्या मुलाच्या नावावर एकाच सीझनमध्ये दोन रिंग सेट. दोन्ही माझ्याच दुकानातून, माझ्याच हाताने दिलेले. एअर फिल्टर? एकदाही नाही. तो "रिंग द्या" म्हणाला आणि मी रिंग दिली. "माप घेतलं का?" एवढे तीन शब्द मी विचारले नाहीत. ज्या उधारीपोटी त्याची गाडी माझ्या दारात आली, त्या उधारीतला काही भाग मी न विचारलेल्या प्रश्नाचा होता.

म्हणून आता घरी इंजिन उघडणाऱ्या प्रत्येकाला मी हा क्रम सांगतो.

१. उघडण्याआधी कॉम्प्रेशन बघा. गेज लावून एकदा कोरडं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत. आकडा चांगला वाढला तर दोष रिंग-बोअरकडे. तसाच राहिला तर आधी व्हॉल्व्हकडे बघा.

२. बोअर गेज नाही? हरकत नाही. एक नवी रिंग आणि फिलर गेज पुरतो. रिंग बोअरमध्ये टाकून पिस्टनने सरळ ढकला. वरच्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर खाली फट मोजा, मग अगदी तळाशी मोजा. दोन्हींतल्या फरकाला ३.१४ ने भागा. उत्तर ०.१ च्या आसपास आलं तर नुसत्या रिंगांवर पैसे घालू नका.

३. बोअरिंग आणि होनिंग लेथवाल्याकडेच. घरी पॉलिश पेपर घासून बोअर होत नाही. आणि ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत घ्या, तो हातात देऊनच बोअरिंग करून घ्या. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करतात.

४. बाकीचं हाफ इंजिनचं काम घरी बिनधास्त करा. पेट्रोल काढून ठेवा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. सर्क्लिप काढताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर सर्क्लिप आत पडली की हाफचं फुल इंजिन होतं. सर्क्लिप आणि गॅस्केट नवीनच. रिंगवरची खूण वरच्या बाजूला, तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत. टायमिंगच्या खुणा जुळवून झाल्या की इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं नाही, तरच किक मारा.

५. आणि सगळ्यात आधी करायचं काम मी मुद्दाम शेवटी लिहितोय, म्हणजे लक्षात राहील : एअर फिल्टर बदला, नळीच्या क्लिपा घट्ट करा. कारण शिल्लक ठेवून इंजिन केलं, तर पुढच्या वर्षी परत तेच काम.

आता हिशोब. राइडवाल्यांनी हे काम पावसाळ्यात करावं, धंदा बंद असतो तेव्हा. समजा एका फेरीचे २०० रुपये आणि शनिवार-रविवारी रोज १५ फेऱ्या. गाडी एक वीकएंड उभी राहिली की ६,००० रुपये गेले. घरी काम करून वाचवलेली मजुरी त्यापुढे किती? "मजुरी वाचली" म्हणताना गाडी किती दिवस उभी राहिली तेही वहीत लिहा.

आणि माझ्यासारख्या दुकानदारांनो, तुम्हाला थेट सांगतो. "गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, आपण कशाला डोकं लावायचं" हे आपल्या बाजारातलं जुनं वाक्य. बीबीएला मला विक्री वाढवायला शिकवली, विक्री कधी नाकारायची ते नाही. आज माझ्या काउंटरवर फिलर गेज टांगलेला आहे. कोणी नुसत्या रिंगा मागितल्या की मी विचारतो. काही लोक वैतागून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. मला रिंग सेटवर मिळणारा नफा एका दिवसाचा आहे, आणि गिऱ्हाईकाचा धंदा बुडाला तर माझी उधारीही त्याच्यासोबत बुडते. म्हणजे हा नुसता चांगुलपणा नाही, व्यवहारही आहे.

त्या मुलाला मी घरी बोलावलं. फाटका फोम, बोअरचं माप, वही, सगळं समोर ठेवलं. दोन्ही रिंग सेटचे पैसे उधारीतून वजा केले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दादा, हे तेव्हा सांगितलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

गाडी आता ०.५० ओव्हरसाइज पिस्टनवर चालते, धूर नाही. उरलेली उधारी हप्त्याने फेडायच्या बोलीवर तोच परत घेऊन गेला. माझे नारळ मी अजून हातगाडीवरच आणतो.

तुमच्या पडवीत एखादं इंजिन उघडलेलं असेल, तर पार्ट आणायला निघायच्या आधी फिलर गेज हातात घ्या. दोन आकडे कागदावर लिहा आणि तो कागद दुकानदाराला दाखवा. त्याने कागद न बघताच रिंगा काढून दिल्या, तर दुकान बदला. ते दुकान माझं असलं तरी!