दहावा कोठे आहे?

समुद्र हा आमच्या मुलखाचा नव्हे. बेळगावकराचे पाण्याशी नाते ते राकसकोपच्या तलावाचे आणि मार्कंडेय नदीचे. निपाणीकराचे वेदगंगेचे आणि दूधगंगेचे. तरीही सुटी लागली की आमच्या घरांतील तरुणांची पावले समुद्राकडेच वळतात. बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा, आणि आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी व पुढे मालवण. निपाणीकरही गडहिंग्लज-आजऱ्यावरून त्याच आंबोलीस येऊन मिळतात. पूर्वी ही मंडळी सिंधुदुर्ग किल्ला पाहून आणि मालवणी खाजे बांधून घेऊन परतत. आता ती पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राचा तळही पाहून येतात. या खेळास स्कूबा डायव्हिंग म्हणतात, हे आता आमच्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे.

आमच्या शेजारच्या घरातील एक मुलगा असाच मालवणहून परतला आणि मोबाइलवर तळाची चित्रफीत सर्वांना दाखवू लागला. रंगीत मासे, पोवळी, निळसर उजेड. घर कौतुकाने पाहत होते. आजींनी मात्र चष्मा सावरीत विचारले, “बाळ, तू वर आलास आणि तुझी होडीच तिथे नसती तर रे?” सारे हसले. मुलगाही हसला, पण उत्तर त्याच्यापाशी नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्यापाशीही नव्हते. ते शोधावयास आम्ही बसलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आजींचा प्रश्न भाबडा नव्हता. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या प्रसिद्ध पोवळ्यांच्या भिंतीजवळ, ग्रेट बॅरिअर रीफपाशी, एक अमेरिकन दांपत्य इतर प्रवाशांबरोबर बुडी मारण्यास गेले. बुडी संपली, मंडळी होडीवर आली, मोजदाद झाली आणि होडी किनाऱ्यास परतली. मोजदाद चुकली होती. ते दोघे समुद्रातच राहिले होते. त्यांची पिशवी होडीवर तशीच पडून होती, आणि ती कोणाची हे ध्यानात येण्यास दोन दिवस लागले. मग मोठा शोध झाला. पण ते सापडले नाहीत. पुढे काही महिन्यांनी पाण्याखाली लिहिण्याची त्यांची पाटी मिळाली. तिच्यावर २६ जानेवारीची तारीख आणि मदतीची याचना होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळीही ती दोघे जिवंत होती, तरंगत होती, वाट पाहत होती. त्यांचा घात पाण्याने नव्हे, प्रथम विसरण्याने केला.

समुद्रात हरवलेला पाणबुड्या बहुधा लगेच बुडत नाही. त्याच्या अंगातील जाकिटात हवा भरता येते आणि ते त्यास तरंगत ठेवते. त्याची खरी अडचण वेगळीच असते: तो दिसत नाही. पाण्याबाहेर त्याचे फक्त डोके असते, एखाद्या नारळाएवढे. लाटा हातभर उंच असल्या तरी ते डोके क्षणात दिसते आणि क्षणात लपते. त्यास होडी दिसत असते, पण होडीस तो दिसत नाही.

त्यातच पाणी वाहत असते. समुद्राचा प्रवाह एक नॉट वेगाचा असला, म्हणजे अगदी सावकाश चालणाऱ्या माणसाएवढा, तरी तासाभरात तो माणसास सुमारे १.८५ किलोमीटर दूर नेतो. दिशा ठाऊक नसेल तर शोधणाऱ्यांना पहिल्या तासानंतर सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी धुंडाळावे लागते. दोन तासांनी ते ४३ होते. वेळ दुप्पट, तर क्षेत्र चौपट. म्हणून पहिली घटका लाखमोलाची असते.

यावर उपाय काय? उपाय आहेत, आणि त्यांतले बहुतेक आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत.

पहिला उपाय नारिंगी रंगाच्या लांब पिशवीचा. तिला सरफेस मार्कर बॉय म्हणतात. आपण बोया म्हणू. गुंडाळून ती खिशात राहते. हवा भरली की माणसाएवढी उंच नळी पाण्यावर उभी राहते. पाणबुड्या खोलवर असतानाच तिच्यात थोडीशी हवा सोडतो आणि रिळावरील दोरीने तिला वर जाऊ देतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्यामुळे तेथे भरलेली हवा वर पोहोचेपर्यंत दुप्पट फुगते. माणूस वर येण्याआधीच होडीस कळते की तो कोठे येणार आहे. पृष्ठभागावर तिचे खालचे टोक ओढून धरावे लागते, नाही तर ती आडवी पडते आणि लाटांत दिसेनाशी होते.

दुसरा उपाय शिट्टीचा. माणसाचा घसा थोड्याच वेळात बसतो. शिट्टी मात्र थोड्या श्वासात तासन् तास वाजविता येते. तीन फुंका, थोडा थांबा, पुन्हा तीन, हा संकटाचा सर्वमान्य संकेत होय. परंतु इंजिनाच्या घरघरीत शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून शोधणाऱ्या तांडेलाने मधून मधून इंजिन बंद करून कान द्यावा लागतो.

तिसरा उपाय आरशाचा. ऊन असेल तर तळहाताएवढ्या आरशाची तिरीप कित्येक किलोमीटरांवरून दिसते. एक हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात होडी धरावी आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर खेळवावा; म्हणजे तो होडीपर्यंत पोहोचतो. रात्री आरसा निरुपयोगी. तेथे पाण्यात चालणारी विजेरी किंवा लुकलुकणारा दिवा हवा.

चौथा उपाय आमच्या काळाचा. खिशात मावेल एवढे एक यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर हाक घालते आणि उपग्रह ती ऐकतात. भारत या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत सहभागी आहे, आणि आपल्या देशातील तिचे केंद्र इस्रोच्या देखरेखीखाली बेंगळुरूस आहे. मच्छीमारांसाठी इस्रोने संकटसूचक यंत्र वेगळे बनविले. निरोप मिळाला की शोधाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे जाते. त्याचा १५५४ हा क्रमांक किनाऱ्यास जाणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावा.

साधनांइतकेच महत्त्व वागण्याचे. जोडीदार पाण्याखाली दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधावे आणि मग वर यावे, असा पाणबुड्यांचा नियम आहे. वर आल्यावर जाकीट फुगवावे, कमरेचे शिशाचे वजन सोडून द्यावे, प्रवाहाविरुद्ध पोहण्यात बळ दवडू नये. दोघे असतील तर एकमेकांस धरून राहावे. दोन माणसे एकापेक्षा लवकर दिसतात, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगाची ऊब ओढून नेत असल्याने जवळ राहण्याने ती टिकतेही. समुद्राचे पाणी मात्र कितीही तहान लागली तरी पिऊ नये.

येथे कोणी म्हणेल, आमची मुले थोडीच पाणबुडे आहेत? मालवणला तर शिकविणारा त्यांचा हात धरून खाली नेतो. हे खरे आहे. पण त्या जागी जाण्यास आणि परत येण्यास होडी लागतेच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ बुडी मारून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. किनारा तेव्हा दूर नव्हता. आणि एप्रिल २०१७ मधील तो दिवस आमच्यापैकी कोण विसरेल? मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. ती मंडळी बुडी मारण्यास गेली नव्हती, नुसती पाण्यात उतरली होती. त्या रात्री या शहरात किती घरांतून चुली पेटल्या नसतील! समुद्र आमच्या मुलखाचा नव्हे, असे आरंभी म्हटले ते याचसाठी. कोळ्याचे मूल जे पाळण्यात शिकते, ते आमच्या मुलांना विचारून शिकावे लागते.

म्हणून घरातून निघणाऱ्या मुलास नुसते “जपून जा” न म्हणता तीन गोष्टी विचारण्यास सांगावे. होडीवर प्रत्येकास जीवरक्षक जाकीट आहे काय, आणि ते परतीच्या वाटेवरही अंगावर राहणार काय? पाण्यात उतरणाऱ्यापाशी नारिंगी बोया आणि शिट्टी आहे काय? आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: निघण्याआधी नावे लिहून घेतली काय, व परततांना ती एकेक पुकारली जाणार काय? ज्या होडीवर या प्रश्नांस हसण्यावारी नेले जाईल, त्या होडीत पाऊल ठेवू नये. गेलेले पैसे पुन्हा मिळविता येतात.

तिसऱ्या प्रश्नावर आमचा भर का, ते सांगतो. कीर्तनातील एक दृष्टान्त वाचकांनी ऐकला असेल. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. सारे पोहोचले की नाही हे पाहण्यास एकेकाने मोजावे, तर प्रत्येकाची गणती नऊच भरे. कारण मोजणारा स्वतःस मोजण्यास विसरे. दहावा बुडाला म्हणून ते रडत बसले. शेवटी एका वाटसरूने सांगितले, “अरे, दहावा तूच!” तेथे माणूस हजर असून गणतीत नव्हता. समुद्रावर याच्या उलट घडते: माणूस पाण्यात असतो आणि गणतीत मात्र तो होडीवर बसलेला असतो. डोकी मोजली की असे होते, कारण एक डोके दोनदा मोजले जाते. नाव पुकारले की असे होत नाही. कारण ज्याचे त्यालाच “हजर” म्हणावे लागते, आणि जो नाही त्याच्या जागी शांतता राहते. ती शांतता ऐकण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. शाळेतील हजेरीपट हा, विचार केला तर, जीव वाचविण्याचे सर्वांत जुने साधन आहे.

शेजारच्या आजींना आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नातवास जवळ बोलावले. पुढच्या सहलीस जाताना त्याच्या पिशवीत एक नारिंगी शिट्टी होती, आणि निघताना आजींनी उंबऱ्यात उभ्या राहून त्याच्या चारही मित्रांची नावे विचारून घेतली. रात्री पाचही मुले घरी आली, तेव्हा त्या पाच नावे पुकारूनच आत गेल्या.